संस्थेच्या बातम्या, सहकाऱ्यांचं यश: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या एका विद्यापीठाच्या सामाजिक शास्त्रांच्या संशोधन संस्थेचं वार्तापत्र मी गेली बारा वर्षं काढते आहे. त्याआधी सहा वर्षं मी अन्वेषक म्हणून, म्हणजे घरोघर जाऊन पाहणीची माहिती गोळा करत, फील्डवर होते. वार्तापत्र निघालं की फोन येतात, कोणी जिन्यात गाठतं, नवीन लागलेली मुलं चहाच्या वेळी विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदा सवडीनं सगळे उतरवून काढले. जुने दाखले मुख्यतः गोखले अर्थशास्त्र संस्थेचे दिले आहेत. आपल्याकडे पाहणीच्या कामाची घडी तिथे बसली, आणि तिथलं काम छापील स्वरूपात कोणालाही वाचता येतं.

'बातमी' म्हणून तुम्ही नेमकं काय घेता?

शोधनिबंध छापून आला, प्रकल्प मंजूर झाला, कोणाला पीएच.डी. मिळाली, पुरस्कार मिळाला, कोणी सरकारी समितीवर गेलं, परिषदेत निबंध वाचला, हे सगळे घेतात तसं आम्हीही घेतो. त्यात आम्ही दोन गोष्टींची भर घातली आहे. एखाद्या पाहणीचं फील्डवर्क पुरं झालं की ती बातमी होते. आणि जुनी माहिती साफ करून इतरांना वापरण्याजोगी करून ठेवली तर तीही होते. या दोन्ही कामांना ना प्रमाणपत्र मिळतं ना शाल-श्रीफळ, पण पुढचं सगळं यांच्यावरच उभं राहतं.

सामाजिक संशोधनाला वर्षं लागतात. मग दर महिन्याला यश आणता कुठून?

काही महिन्यांत खरंच काही नसतं. तेव्हा अंक चार पानांचा काढतो, ओढूनताणून आठ पानं करत नाही.

या कामाचा वेग समजायला गोखले संस्थेनं केलेली पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी बघा. संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांच्या देखरेखीखाली घरोघरची माहिती गोळा झाली १९३६-३७ साली. पहिला भाग छापून आला १९४५ मध्ये, दुसरा १९५२ मध्ये. मधल्या काळात महायुद्ध झालं, देश स्वतंत्र झाला. मग ना. वि. सोवनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच शहराची फेरपाहणी केली आणि ती १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली. एकाच शहराकडे काही वर्षांच्या अंतरानं दोनदा पाहिल्यामुळे काय बदललं ते नेमकं दाखवता आलं. दुसरं उदाहरण सुलभा ब्रह्मे यांचं. महाराष्ट्रातल्या १९७२ च्या दुष्काळावरचा त्यांचा ग्रंथ संस्थेनं १९८३ मध्ये काढला. दुष्काळ माणसं विसरली नव्हती, पण वर्तमानपत्रांसाठी तो केव्हाच शिळा झाला होता. पाटबंधाऱ्यांचं नियोजन कसं असायला हवं, हा त्या पुस्तकातला प्रश्न मात्र आजही दर उन्हाळ्यात निघतो.

म्हणून एखाद्या सहकाऱ्याचं नाव दोन-तीन वर्षं वार्तापत्रात दिसलं नाही, तर तो बसून आहे असा अर्थ कृपा करून काढू नका.

प्राध्यापकांच्या शोधनिबंधाच्या बातमीत अन्वेषकांची नावं कशाला छापता?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. कधी तो जरा त्रासिक सुरातही येतो. उत्तर लांब आहे, पण मला ते द्यायचंच आहे.

अन्वेषक म्हणजे हातात अनुसूची घेऊन घरोघर जाणारा माणूस. (अनुसूची हा कागदावरचा शब्द, बोलताना आम्ही सगळे शेड्यूलच म्हणतो.) आता टॅब आले, पण काम तेच आहे. सकाळी माणसं रानात जायच्या आत गाठायचं, नाहीतर संध्याकाळी दिवेलागणीनंतर. तलाठ्याकडून आणि ग्रामपंचायतीतून याद्या घ्यायच्या, नमुन्यात आलेलं घर शोधायचं. घर सापडलं तर माणूस ऊसतोडीला गेलेला असतो. मुक्कामी एसटी चुकली तर शाळेच्या व्हरांड्यात झोपायचं.

एक प्रसंग सांगते. माण तालुक्यातल्या एका गावात आम्ही खाण्यापिण्यावरच्या खर्चाची माहिती घेत होतो. 'घरात गेल्या आठवड्यात दूध किती वापरलं?' हा प्रश्न. दारात दोन म्हशी बांधलेल्या. बाईंनी सांगितलं, "दीड लिटर." छापील रकान्यात दीड लिहून पुढे जाता आलं असतं. माझ्या सोबतच्या अन्वेषक ताई तिथंच थांबल्या. म्हणाल्या, "वहिनी, दोन म्हशी असून आठवड्याला दीडच लिटर?" तेव्हा त्या बाई म्हणाल्या, "डेअरीला घालतो की सगळं. उचल घेतलीय. चहापुरतं ठेवते, ते पण धाकटा आजारी पडला म्हणून." ताईंनी हे शेड्यूलच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलं. पुढच्या घरी त्यांनी हाच प्रश्न पुन्हा विचारला, मग त्याच्या पुढच्याही घरी. गाव संपेपर्यंत कडेच्या पेन्सिलीच्या टिपणांची संख्या एवढी झाली की पुण्यात आल्यावर आमच्या सरांनी पुढच्या फेरीसाठी उचलीवर एक वेगळा भाग तयार केला. त्यातून पुढे जो निबंध झाला त्याचा मुख्य मुद्दा त्या पेन्सिलीच्या ओळींतून आला होता. निबंधावर नाव सरांचं होतं आणि ते रास्तच होतं, विश्लेषण त्यांचं होतं. पण ताईंचं नाव तळटीपेतही आलं नाही. त्या करारावर होत्या. प्रकल्प संपला, त्या गेल्या.

त्या वर्षीचं वार्तापत्र मी काढत नव्हते. आता काढते. म्हणून आमच्याकडे नियम असा आहे: पाहणीवर आधारलेल्या कोणत्याही कामाची बातमी आली की त्या पाहणीतल्या सर्व अन्वेषकांची पूर्ण नावं तिच्यात येतात, नोकरी संपलेली असली तरीही. बातमी लांबते, वाचायला जरा जड होते, हे कबूल आहे. पण त्या नावांनीच ती पुरी होते.

मोठं यश म्हणजे काय? किती निबंध, किती उद्धरणं (म्हणजे इतरांनी त्यांच्या लेखनात दिलेले संदर्भ)?

आकडे आम्ही देतो, कारण मूल्यांकनाला लागतात. पण मला विचाराल तर या क्षेत्रातलं मोठं यश म्हणजे एखादा विचार किंवा शब्द संस्थेच्या भिंती ओलांडून लोकांच्या तोंडी जाणं.

गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास जानेवारी १९७१ मध्ये मुंबईच्या इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत दोन अंकांत आला. माणसाला दिवसाला २२५० उष्मांक (कॅलरी) मिळावेत एवढं अन्न घ्यायला किती खर्च लागतो, तिथून त्यांनी सुरुवात केली. राष्ट्रीय नमुना पाहणीची आकडेवारी घेऊन १९६०-६१ च्या किमतींना खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात २२ रुपये ५० पैसे अशी रेषा ठरवली. खेड्यांतली सुमारे ४० टक्के आणि शहरांतली सुमारे ५० टक्के माणसं तिच्या खाली आहेत असं दाखवलं. उपाय म्हणून सार्वजनिक कामांतून रोजगार देण्याचा आग्रह धरला. आपल्याकडे वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून रोजगार हमीची कल्पना त्याच सुमारास आकार घेत होती. त्या रेषेवर नंतर पुष्कळ टीका झाली, समित्या बसल्या, रेषा बदलल्या. तरी वाद ज्या पायावर झाला तो पाया दोघा सहकाऱ्यांनी पुण्यात बसून घातला होता.

दुसरा दाखला याहून घरचा आहे. १९८३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करायला दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. १९८४ च्या अहवालात समितीनं रस्ते, पाटबंधारे, वीज, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांतली राज्याची सरासरी काढली, तिच्यापेक्षा कोणता जिल्हा किती मागे आहे ते मोजलं आणि ती तूट भरायला लागणारी रक्कम सुमारे ३१८६ कोटी रुपये काढली. तेव्हापासून या तुटीसाठीचा 'अनुशेष' हा शब्द विदर्भ-मराठवाड्यात पानटपरीवरही ऐकू येतो. समितीची पद्धत मान्य नसणारेही तोच शब्द वापरून भांडतात. असं यश कोणत्याही उद्धरण निर्देशांकात मोजता येत नाही.

निष्कर्ष एखाद्याला अडचणीचा असेल तरी बातमी देता का?

देतो. पुरावा हातात असला की झालं. दांडेकर आणि खुदनपूर यांनी मुंबई कुळकायद्याची अंमलबजावणी कशी झाली याची पाहणी केली आणि ती १९५७ मध्ये प्रसिद्ध झाली. कायदा कुळांच्या संरक्षणासाठी होता. पण पाहणीत असं दिसलं की कुळांनी 'स्वखुशीनं' राजीनामे दिल्याची नोंद करून जमिनी मोठ्या प्रमाणावर मालकांकडे परत गेल्या होत्या. ज्यांनी स्वखुशी हा शब्द कागदावर वाचून सोडून दिला नाही, गावात जाऊन विचारलं, त्यांच्यामुळे हे कळलं. अशा कामाची बातमी मी पहिल्या पानावर घेईन.

संस्थेबाहेर केलेलं काम सहकाऱ्याच्या यशात धरता का?

धरतो, आणि त्यावरून आमच्या बैठकीत दरवर्षी वाद होतो. मी माझी बाजू मांडते.

साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांनी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी काढलेल्या भारत सेवक समाजाला देणगी दिली आणि १९३० मध्ये गोखले संस्था सुरू झाली. पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ तेव्हा २९ वर्षांचे होते. १९६६ पर्यंत ते त्या जागेवर होते. याच काळात विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबर ते प्रवरेच्या काठी लोणीला गेले. तिथला सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला आणि त्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळ होते. केंब्रिजहून शिकून आलेला अर्थशास्त्रज्ञ शेतकऱ्यांच्या सभेत बसून भागभांडवलाचा हिशेब सांगतो आहे, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. त्यांच्या सहकारावरच्या लिखाणात जो ठामपणा आहे तो तिथून आलेला आहे. पुढे ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले, नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्राची मदत कशी वाटायची याचं १९६९ चं सूत्र त्यांच्याच नावानं ओळखलं जातं: ६० टक्के लोकसंख्येवर, आणि दरडोई उत्पन्न, करवसुलीचा प्रयत्न, चालू पाटबंधारे व वीज प्रकल्प, राज्याच्या खास अडचणी यांना प्रत्येकी १० टक्के. त्याच वर्षी स्थापन झालेल्या भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचेही ते पहिले अध्यक्ष होते, आणि तिचे सदस्य-सचिव कोल्हापूरच्या मातीतले जे. पी. नाईक.

यातलं कुठलं काम संशोधन आणि कुठलं बाहेरचं, ही रेघ मला तरी ओढता येत नाही. आमचा एखादा सहकारी पाणीवापर संस्थेचा हिशेब लावून देत असेल, बचत गटांना प्रशिक्षण देत असेल, तर ते मी छापते.

'पीएच.डी. प्रदान' ही बातमी विद्यार्थ्याची की मार्गदर्शकाची?

विद्यार्थ्याची. मथळ्यात त्याचं किंवा तिचं नाव, प्रबंधाचा विषय मराठीत समजेल असा, आणि मग मार्गदर्शकाचं नाव. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात, मुदत साधारण तीन ते सहा वर्षं. म्हणजे मार्गदर्शकाच्या नावावर पुष्कळ बातम्या येणार आहेत. विद्यार्थ्याच्या आयुष्यात ही एकदाच येते. प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढला की तसं आम्ही नमूद करतो, म्हणजे ज्याला वाचायचा त्याला मिळतो.

निबंध कुठे छापला याला किती महत्त्व देता?

नियतकालिकाचं नाव देतो, दर्जाची शेरेबाजी करत नाही. मध्यंतरी केअर यादीत, म्हणजे आयोगाच्या मान्य नियतकालिकांच्या यादीत, असलेलं नियतकालिक हा परवलीचा शब्द झाला होता. त्या यादीचं काम आपल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातूनच चालायचं. २०२५ मध्ये आयोगानं ती यादी बंद केली. पैसे घेऊन आठवड्यात निबंध छापणाऱ्या ठिकाणांची बातमी आम्ही यादी होती तेव्हाही घेत नव्हतो, आताही घेत नाही. शंका आली तर दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांना विचारतो.

मराठीतलं लेखन धरता का?

अर्थात! इंग्रजीतल्या निबंधाइतकीच जागा देतो. मूल्यांकनाच्या तक्त्यात मराठी लेखाला गुण कमी पडतात, हे नवीन मुलांना फार लागतं. त्यांना मी सांगते, दांडेकर आणि म. भा. जगताप यांनी महाराष्ट्राच्या ग्रामीण समाजरचनेवर १९५७ मध्ये लिहिलं ते मराठीत. मराठी अर्थशास्त्र परिषदेचं 'अर्थसंवाद' आहे, 'समाज प्रबोधन पत्रिका' आहे. ज्या माणसांनी आपल्याला उत्तरं दिली त्यांच्या घरातल्या शिकत्या मुलाला आपला लेख वाचता आला पाहिजे, ही साधी अपेक्षा आहे.

व्याख्यानाच्या बातमीत फोटो एकच आणि मजकूर दोन पानं, असं का?

२९ जानेवारी १९३९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गोखले संस्थेच्या वार्षिक समारंभात काळे स्मृती व्याख्यान दिलं. १९३५ च्या कायद्यातल्या संघराज्याच्या योजनेची त्यांनी कलमागून कलम तपासणी केली आणि त्यातून स्वातंत्र्य मिळतं का असा सवाल केला. ते भाषण छापलं गेलं, म्हणून आज आपल्याला वाचता येतं. त्या दिवशी सभागृहात पहिल्या रांगेत कोण बसलं होतं याची आज कोणालाच फिकीर नाही. दीपप्रज्वलनाचे फोटो मी ठेवून देते, मागितले तर पाठवते.

ग्रंथालय आणि कार्यालयातल्या लोकांच्या बातम्या कमी का असतात?

कमी होत्या, आता वाढवल्या आहेत. ग्रंथपालाशिवाय यातलं काहीच होत नाही. गोखले संस्थेच्या ग्रंथालयाला धनंजयरावांचं नाव आहे आणि त्याचा मूळ संग्रह भारत सेवक समाजाचा, म्हणजे १९०५ पासूनचा. जुने जनगणना अहवाल, गॅझेटियर, सरकारी ठराव असे कागद शंभर वर्षं वाळवीपासून वाचवणं हे संशोधनच आहे असं मी मानते. आमच्याकडच्या एका ग्रंथालय सहायकांनी गेल्या पावसाळ्यात गळणाऱ्या छताखालून चाळीस गठ्ठे जुनी शेड्यूलं रातोरात हलवली. ती बातमी आम्ही मुखपृष्ठावर घेतली. फील्डवर गाडी नेणारे चालक, बिलं वेळेत काढणारे लेखा विभागातले लोक यांचीही नावं येतात. अन्वेषकाचा प्रवासभत्ता महिनोन्‌महिने अडकला की पाहणीचं काय होतं, हे मी स्वतः सोसलं आहे.

स्त्रियांच्या कामाला वेगळी जागा देता का?

वेगळा कोपरा देत नाही, मुख्य पानांवरच घेतो. १९५३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या जन्म-मृत्यूंची पाहणी प्रसिद्ध झाली तेव्हा दांडेकरांच्या बरोबरीनं नाव होतं कुमुदिनी दांडेकरांचं, आणि लोकसंख्याशास्त्रात त्यांनी पुढे स्वतंत्रपणे मोठं काम केलं.

आमच्या गावात पाहणी झाली होती. निष्कर्ष आम्हाला कधी कळणार?

तुमचा हक्काचा प्रश्न आहे, आणि पुष्कळदा आम्ही यात कमी पडलो आहोत. आता प्रत्येक प्रकल्पाच्या शेवटी चार पानांचा मराठी गोषवारा ग्रामपंचायतीला पाठवतो आणि जमेल तिथे अन्वेषकच जाऊन तो वाचून दाखवतात. तुमच्या गावाला पोचला नसेल तर पाहणीचं वर्ष आणि तालुका कळवा, शोधून पाठवू.

कोणाच्या घरात काय उत्तर मिळालं हे मात्र गोषवाऱ्यात नसतं, वार्तापत्रात नसतं, सरपंचांनी मागितलं तरी मिळत नाही. कुटुंबांची नावं आम्ही उत्तरांपासून वेगळी करून ठेवतो.

बातमी कशी पाठवायची?

दर महिन्याच्या २० तारखेपर्यंत. मराठीत पाठवली तर उत्तम, इंग्रजीत आली तर मी करून घेते. काम काय होतं ते चार ओळींत, शेजारच्या काकांना सांगाल तसं लिहा. सोबत सहभागी सगळ्यांची नावं हवीत. 'आणि इतर' असं लिहून आलेली बातमी मी परत पाठवते.

छापलेल्या नावात चूक असेल तर?

लगेच सांगा. दोन वर्षांपूर्वी एका अन्वेषकाचं आडनाव माझ्याकडून चुकलं होतं. त्यांच्या आईनं तो अंक देवघराशेजारी लावला होता आणि चुकलेल्या अक्षरावर पेनानं दुरुस्ती केली होती, हे मला नंतर कळलं. आम्ही ते पान पुन्हा छापून त्यांच्या घरी पोस्टानं पाठवलं. आता अंक छपाईला जाण्याआधी नावांची यादी मी ज्याच्या त्याला फोनवर वाचून दाखवते. फोन दुपारी दोन ते चारच्या दरम्यान येईल, तेवढा उचला.